मूळ कथा, जोडकथा आणि सूत्रधार

अमेरिकेतील महानायकांच्या चित्रकथांचा जो व्यवसाय आहे, त्यात गेली 40 वर्षे एक तंटा चालत आलेला असून त्याचा समाधानकारक निवाडा अद्याप कोणासही करता आलेला नाही. एकाच प्रकाशकाच्या पदरी असलेले पाचपन्नास नायक, ज्यांची नित्याची मासिके स्वतंत्रपणे निघत असतात, ते एखाद्या विश्वव्यापी संकटाच्या निमित्ताने एके ठिकाणी गोळा करावयाचे. त्या संकटाची मुख्य हकीकत सात, आठ किंवा बारा अंकांच्या खास मालिकेत सांगावयाची. आणि तिचे पडसाद त्या त्या नायकाच्या चालू मासिकात, अथवा मुद्दाम काढलेल्या लहानसहान मालिकांत उमटवावयाचे, असा हा खटाटोप असतो. या मेळ्याला तिकडे क्रॉसओव्हर आणि पडसादांच्या अंकांना टाय-इन म्हणतात. आपण त्यांना जोडअंक म्हणू. तंटा एवढाच की, मुख्य मालिकेत किती सांगावे आणि जोडअंकांवर किती सोपवावे. सगळेच मुख्य मालिकेत येऊन गेले तर जोडअंक विकत कोण घेणार, आणि महत्त्वाचा मजकूर जोडअंकांत दडवून ठेवला तर मुख्य मालिकेचे पैसे मोजलेल्या वाचकाने आपली फसवणूक झाली असे का म्हणू नये?

हा प्रश्न परमुलखातला आणि तोही पोरखेळाच्या वाङ्मयातला म्हणून हसण्यावारी नेणे सोपे आहे. परंतु सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या मुलखात हाच प्रश्न निराळ्या वेषात गेल्या पावणेदोनशे वर्षांत वरचेवर उभा राहिलेला असून येथल्या माणसांनी तो ज्या रीतीने हाताळला, तिच्यात न्यूयॉर्कच्या संपादकांनी शिकावे असे पुष्कळ आहे. म्हणून या आढाव्यात अमेरिकेतील मामल्याची रुजुवात आपल्याच दफ्तराशी करून पाहण्याचे योजिले आहे.

प्रारंभ औंधापासून करणे प्राप्त आहे. औंधचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार होते. 1916 साली त्यांनी प्रसिद्ध केलेले चित्ररामायण म्हणजे एकेका प्रसंगाला एकेक चित्र देऊन रामकथा आद्यंत सांगण्याचा उद्योग होता. या राजाने पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी एक लक्ष रुपयांचे साहाय्य देऊ केले, आणि त्यातून जे काम 1919 साली सुरू झाले ते 1966 साली, म्हणजे दात्याच्या मृत्यूनंतर 15 वर्षांनी, 19 खंडांत पुरे झाले. हे काम एका दृष्टीने मुख्य मालिका कोणती आणि जोडअंक कोणते याचीच चौकशी होती. कारण महाभारत हा मेळ्यांचा मेळा आहे. व्यासांनी उपाख्यानांवाचून 24,000 श्लोकांची भारतसंहिता रचली असे खुद्द आदिपर्वात सांगितले आहे, आणि ग्रंथाची लोकप्रसिद्ध गणना लक्ष श्लोकांची आहे. म्हणजे मुळाच्या तिप्पट पसारा जोडकथांचा! अमेरिकेतला कोणताही समीक्षक हे प्रमाण ऐकून डोक्याला हात लावील. तरीही महाभारत जोडअंकांच्या भाराखाली दबून मेले, असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

ते का दबले नाही, हे एका उपाख्यानावरून दाखविता येते. वनवासात युधिष्ठिर बृहदश्व ऋषींना विचारतो की, माझ्याइतका दुर्दैवी राजा तुमच्या पाहण्यात वा ऐकण्यात आहे काय. तेव्हा ऋषी त्याला नळराजाची कथा सांगतात. ती कथा कौरवपांडवांची नाही. तिच्यात कुरुकुळातला एकही पुरुष नाही, तिची नायिका विदर्भाची आहे, आणि ती वगळली तर भारती युद्धाच्या एका बाणाचीही दिशा बदलत नाही. तथापि द्यूतात राज्य घालविलेल्या माणसाला द्यूतातच राज्य घालविलेल्या दुसऱ्या माणसाची गोष्ट ऐकविली जाते, त्यामुळे त्याच्या दुःखाला एक माप मिळते; आणि कथा संपताच ऋषी त्याला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे रहस्य, देऊन टाकतात. पुढे विराटाच्या दरबारी हाच युधिष्ठिर कंक हे नाव घेऊन द्यूतकुशल सभासद म्हणून राहतो. म्हणजे जोडकथेने स्वतःचा रस पुरा केला, ऐकणाऱ्याच्या अंतःकरणाचे काम केले आणि जाताजाता मुख्य कथेच्या हातावर एक लहानसे नाणेही ठेवले; मात्र ते नाणे नसते तरी मुख्य कथा उपाशी राहिली नसती. जोडकथेचा यापेक्षा उत्तम नमुना मला तरी ठाऊक नाही.

चिकित्सक आवृत्तीचे प्रधान संपादक वि. सी. सुखटणकर आणि त्यांचे सहकारी यांनी या पसाऱ्यात जी व्यवस्था लाविली, तीही पाहण्यासारखी आहे. 1,259 हस्तलिखिते तपासून जे श्लोक सर्व परंपरांच्या मुळाशी असावेत असे ठरले, ते पृष्ठाच्या वरच्या अंगास. मागाहून शिरलेल्या ओळी खाली, क्रमांक आणि तारकाचिन्ह लावून. आणि लांबलचक प्रक्षेप खंडाच्या शेवटी परिशिष्टात. गणपती लेखनिक झाल्याची सर्वतोमुखी असलेली कथा अशी परिशिष्टात गेली. सभापर्वात द्रौपदीने कृष्णाचा केलेला धावाही मूळ संहितेबाहेर गेला. वस्त्रे तेथे येतात, पण ती कोणी पुरविली हे मूळ सांगत नाही. श्रद्धाळू वाचकाला याने धक्का बसतो खरा. परंतु संपादकांनी काहीही फेकून दिलेले नाही. प्रत्येक ओळीला तिचा हुद्दा नेमून दिला, एवढेच. अमेरिकन प्रकाशकांकडे नेमकी हीच वस्तू नाही: त्यांच्याकडे प्रत्येक अंकाच्या मुखपृष्ठावर मेळ्याचे नाव सारख्याच ठसठशीत अक्षरांत छापलेले असते, आणि कोणता अंक वरच्या अंगाचा व कोणता तारकाचिन्हाचा हे वाचकाने पैसे दिल्यानंतर स्वतः ठरवावयाचे असते.

आता सांगली. 1842 साली उत्तर कानड्यातील कर्की येथील भागवतांची मंडळी तेथे येऊन खेळ करून गेली, तो पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी आपल्या पदरच्या विष्णु अमृत भावे या तरुणाला असेच काही मराठीत करण्याची आज्ञा केली, आणि 5 नोव्हेंबर 1843 रोजी ‘सीतास्वयंवर’ झाले, ही हकीकत शाळेतल्या मुलांनाही ठाऊक आहे. तिच्यातील जो भाग आपल्या प्रश्नाशी निगडित आहे, तो मात्र फारसा बोलला जात नाही. विष्णुदास भाव्यांच्या खेळात लिहिलेले असे जे काही असे, ते सूत्रधाराच्या मुखातील पदे. गणपती येऊन गेला, मयूरावर सरस्वती नाचून गेली, विदूषकाच्या कोट्या झाल्या, की आख्यान लागे. सूत्रधार पद म्हणून प्रसंग सांगे, आणि त्या पदाच्या आधाराने राम, रावण, इंद्रजित ही पात्रे स्वतःच्या बुद्धीप्रमाणे गद्य भाषण करीत. राक्षस आला की राळेचा भपका उडे, आरोळ्या उठत, तलवारी फिरत, आणि त्या धुमाळीत बोलणारा किती बोलेल याला धरबंध नसे. परंतु पुढचे पद सुरू झाले की रावणालासुद्धा गप्प बसावे लागे. पात्राला मोकळीक पुष्कळ, पण कथा पुढे नेण्याचा अधिकार एकट्या सूत्रधाराचा. आणि तो सूत्रधार पडद्याआड नव्हे, प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर उभा. 1851 साली आप्पासाहेब वारल्यावर राजाश्रय तुटला, मंडळी पुण्यामुंबईस फिरू लागली, आळतेकर, इचलकरंजीकर अशा नव्या मंडळ्या त्याच धर्तीवर उभ्या राहिल्या, आणि तिकिटाचे उत्पन्न हा नवा धनी आला. परंतु पदांची ही शिस्त ज्यांनी राखली त्यांची आख्याने उभी राहिली, आणि ज्यांनी ती राक्षसांच्या स्वाधीन केली त्यांच्या खेळांना लोकांनी ‘अललडुर्र’ म्हणून हिणविले.

सूत्रधाराची ही कसोटी घेऊन आपण अमेरिकेकडे वळू. 1984 च्या मे महिन्यात मार्व्हल कंपनीची ‘सीक्रेट वॉर्स’ ही बारा अंकी मालिका सुरू झाली. तिचा उगम वाङ्मयीन नव्हता. मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीला बाहुल्या विकावयाच्या होत्या आणि त्यासाठी एक मालिका हवी होती. परंतु मार्व्हलचे मुख्य संपादक जिम शूटर यांनी ती स्वतः लिहिली, म्हणजे सूत्रधार स्वतःच रंगमंचावर आला, आणि त्यामुळे एक विलक्षण योजना शक्य झाली. निरनिराळ्या मासिकांतील नायक एका महिन्यात नाहीसे झाले आणि पुढच्याच महिन्यात आपापल्या मासिकांत परत आले, ते बदलून. स्पायडरमॅनच्या अंगावर नवाच काळा पोशाख होता. फॅन्टॅस्टिक फोर या चौकडीतला थिंग परतलाच नाही आणि त्याच्या जागी शी-हल्क आली. हे का व कसे झाले, ते मुख्य मालिका पुढे वर्षभर सावकाश सांगत राहिली. पोशाखाचा उलगडा तर थेट आठव्या अंकात, डिसेंबरात झाला. परिणाम आधी आणि कारण मागाहून, ही आपल्या पुराणिकांची जुनीच खुबी आहे. जोडअंक येथे मुख्य मालिकेचे उसने मागत नव्हते. उलट वाचकाच्या मनात जिज्ञासा निर्माण करून तेच मुख्य मालिकेला गिऱ्हाईक पाठवीत होते. मुख्य मालिका स्वतः फार थोर आहे असे नाही, संवाद तर पुष्कळदा बाळबोध आहेत; पण रचनेचा हा हिशेब मात्र चोख आहे. पुढच्याच वर्षी निघालेल्या ‘सीक्रेट वॉर्स 2’ मध्ये तो साफ बिघडला. नऊ अंकांच्या या मालिकेचा सर्वशक्तिमान नायक एकामागून एक मासिकांत डोकावून जाऊ लागला, प्रत्येक मुखपृष्ठाच्या कोपऱ्यात एक त्रिकोण छापून त्याची वर्दी देण्यात येऊ लागली, आणि चालू असलेली चांगली कथानके या पाहुण्याच्या सरबराईसाठी मध्येच थांबू लागली.

प्रतिस्पर्धी डी.सी. कंपनीने 1985 साली ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ काढले. लेखक मार्व्ह वुल्फमन, चित्रकार जॉर्ज पेरेझ. आपल्या असंख्य समांतर सृष्टींचा गुंता एकदाचा निकालात काढणे हा उद्देश. येथे मुख्य मालिका भरभक्कम आहे. सुपरगर्लचा मृत्यू सातव्या अंकात, फ्लॅशचा आठव्यात. जे अटळ ते सगळे मुख्य मालिकेतच घडते, आणि केवळ बारा अंक वाचणाऱ्याचे काही अडत नाही. दोष आहे तो जोडअंकांचा. सृष्टी लयाला चालल्याची खूण म्हणून आभाळ तांबडे होते, असे मुख्य मालिकेत दाखविले होते. तेवढ्यावर कित्येक मासिकांनी एखाद्या चौकटीत आभाळाला लाल रंग फासला, एखाद्या पात्राकडून ‘हे काय बरे’ असे म्हणवून घेतले, आणि मुखपृष्ठावर मेळ्याचे नाव लावून घेतले. लग्नपत्रिकेच्या तळाशी छापलेल्या पन्नास निमंत्रकांपैकी कार्याला हात लावणारे दोघेच असावेत, त्यातलाच हा प्रकार. तेव्हापासून तिकडे पोकळ जोडअंकाला लाल आभाळाचा अंक म्हणण्याची चालच पडली आहे.

असे अंक निघतात ते लेखकांच्या आळसामुळे, असे समजणे अन्यायाचे होईल. अमेरिकेतील चित्रकथांचा बहुतेक व्यापार खास दुकानांतून चालतो. दुकानदाराने माल आगाऊ मागवावयाचा आणि न विकलेला माल परत करावयाचा नाही, असा तेथील सर्वसाधारण रिवाज. दुकानदार भिऊन मोजकाच माल मागवतो, आणि रडतखडत चाललेल्या मासिकावर मेळ्याचे नाव छापले की त्याची मागणी तेवढ्यापुरती वाढते. संपादकाच्या दृष्टीने ही बिनखर्ची बरकत आहे. जोवर जमाखर्चाची ही वही अशी आहे, तोवर लाल आभाळ उतरणार नाही.

2006 साली मार्व्हलने काढलेले ‘सिव्हिल वॉर’ हे या सर्व गुणदोषांचे एकत्र प्रदर्शनच आहे. महानायकांनी आपली खरी नावे सरकारदरबारी नोंदवावी असा कायदा होतो; आयर्न मॅन त्याच्या बाजूने, कॅप्टन अमेरिका विरुद्ध. विषय जितका राजकीय तितकाच घरगुती, त्यामुळे प्रत्येक मासिकाला आपापल्या नायकाच्या मनातली ओढाताण दाखविण्यास वाव होता. या दृष्टीने हा विषय जोडअंकांसाठीच जन्मला होता. मार्क मिलर यांच्या सात अंकांच्या मुख्य मालिकेत स्पायडरमॅन दुसऱ्याच अंकात वार्ताहरांसमोर मुखवटा काढतो. त्या कृत्याची किंमत त्याच्या घरच्यांना कशी मोजावी लागते, ते त्याच्या स्वतःच्या मासिकात येते. वाटणी योग्य आहे: कृती मुख्य मालिकेत, किंमत जोडअंकात. ‘फ्रंट लाइन’ ही अकरा अंकांची मालिका तर दोन बातमीदारांच्या नजरेने हे युद्ध पाहते, आणि शेवटच्या अंकातला तिचा उपदेशाचा सूर मला रुचला नसला तरी मुख्य मालिकेला जे दाखविण्याची सवडच नव्हती ते, म्हणजे पायदळी तुडविले जाणारे सामान्य लोक, ती दाखविते. परंतु दोन ठिकाणी गाडे अडले. चित्रकार स्टीव्ह मॅकनिव्हन यांचे काम बारकाव्याचे, त्यामुळे मुख्य मालिकेचे अंक लांबणीवर पडले. आणि जोडअंकांतून पुढचा मजकूर आधी फुटू नये म्हणून ते जोडअंकही थांबवून ठेवावे लागले. सूत्रधाराचा घसा बसला की सगळीच पात्रे तोंड मिटून उभी, तसे झाले. आणि दुसरे असे की, या सर्व प्रकरणाची खरी समाप्ती, म्हणजे कॅप्टन अमेरिकेची न्यायालयाच्या पायऱ्यांवर झालेली हत्या, मुख्य मालिका संपल्यानंतर 2007 च्या मार्चमध्ये त्याच्या स्वतःच्या मासिकाच्या 25 व्या अंकात आली. एड ब्रूबेकर यांचा तो अंक उत्कृष्ट आहे. पण सात अंक वाचून थांबलेल्या वाचकाला नायक शरण गेला एवढेच समजले, तो मेला हे समजले नाही. आणि ही हयगय क्षम्य नव्हे.

याहून वाईट उदाहरण 2008 च्या ‘फायनल क्रायसिस’चे. ग्रँट मॉरिसन यांच्या प्रतिभेविषयी शंका नाही. तथापि सातव्या अंकात जो शेवटचा खलपुरुष अवतरतो त्याची ओळख मुख्य मालिकेत जवळजवळ नाही, ती ‘सुपरमॅन बियाँड’ या दोन अंकांच्या जोडमालिकेत आहे. दोन्ही मालिका एकाच लेखकाने लिहिलेल्या असताना असे व्हावे, यावरून अंक कितीही कमी असले तरी वाटणी चुकू शकते हे दिसते.

या तंट्यातून सुटण्याची एक तिसरी वाट आहे, आणि ती 1995 साली ‘एज ऑफ अपोकॅलिप्स’ने चोखाळली. चार महिने एक्स-मेन कुटुंबाची नित्याची मासिके बंद ठेवून त्यांच्या जागी निराळ्या नावांची मासिके काढण्यात आली. आरंभी ‘अल्फा’ आणि अखेरीस ‘ओमेगा’ असे दोन अंक, मध्ये स्वतंत्र मुख्य मालिका म्हणून नाहीच. कथा सर्वांत वाटलेली, आणि जोडअंक हेच मुख्य. हे वाचताना आटपाडीच्या माळाकडे लक्ष गेल्याखेरीज राहत नाही. आज सांगली जिल्ह्यात असलेला तो महाल पूर्वी औंध संस्थानाचा. तेथल्या शेटफळ्यात जन्मलेले आणि औंधच्या शाळेत शिकलेले ग. दि. माडगूळकर यांनी 1955 च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर सुधीर फडके यांच्या साथीने ‘गीतरामायण’ सुरू केले, ते वर्षभर चालले. 56 गीते, आणि बहुतेक त्या त्या पात्राच्या मुखातली. कौसल्या, दशरथ, अहल्या, शूर्पणखा, जटायू, कुंभकर्ण, प्रत्येक जण आपल्या जागेवरून बोलतो, आणि पुढच्या आठवड्यात दुसरा कोणी कथेचा दोर हाती घेतो. सर्व जोडगीतेच, पण दोर एका कवीच्या मुठीत आणि रामकथा ऐकणाऱ्याच्या पाठांतरात, त्यामुळे कोठेही गाठ सुटत नाही. ‘अपोकॅलिप्स’ला श्रोत्याच्या पाठांतराचा हा आधार नव्हता, तरी मुदत ठरलेली आणि शेवट ठरलेला असल्यामुळे तो मेळा तगला, माझ्या मते अमेरिकन मेळ्यांत रचनेच्या दृष्टीने तोच सरस.

आपल्याकडच्या चित्रकथांचा विचार थोडक्यात उरकता येईल. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर टांगलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आणि जादूगार मॅन्ड्रेक हे दोघे एकाच ली फॉक यांचे मानसपुत्र असूनही क्वचितच भेटले; वेताळ आणि डायना यांच्या लग्नाला मॅन्ड्रेक आला, एवढ्यानेच वाचकांचा आनंद गगनात मावला नाही. अमर चित्रकथेने तर क्रमच उलटा केला: भीष्म, द्रोण, कर्ण, अभिमन्यू, घटोत्कच यांचे सुटे अंक आधी निघून गेले आणि 42 अंकांचे सलग महाभारत 1985 पासून मागाहून आले. सुट्या अंकात ज्याची बाजू मनापासून घ्यावयाची तोच मुख्य मालिकेत शंभरांतला एक होतो. कर्णावर जीव जडलेल्या मुलाला हे जड जाते, पण त्याने त्याचे नुकसान होत नाही. हिंदी राज कॉमिक्सच्या नागराजाची पुष्कळ चित्रे ज्यांनी काढली ते प्रताप मुळीक पुण्याचे. याच राज कॉमिक्सने पुढे नागराज आणि ध्रुव या आपल्या दोन नायकांना एकत्र आणून ‘नागायण’ रचले, तेव्हा जोडअंकांच्या भानगडीत न पडता रामायणासारखी कांडे पाडली, ही त्यांची दूरदृष्टी म्हणावी लागेल.

एकंदर पाहता अंकांची संख्या हा या वादातला गौण मुद्दा आहे. अटळ घटना मुख्य कथेत घडाव्या, जोडकथेने स्वतःचे दुःख स्वतः आणावे, आणि सूत्रधार एकच असून तो वाचकाला दिसावा; ही तीन कलमे पाळली गेली तर तिप्पट पसाराही खपतो.

ज्या वाचकाला हा माल स्वतः पारखून घ्यावयाचा असेल, त्याने ‘सिव्हिल वॉर’चे सात अंक आधी सलग वाचून त्यानंतर कॅप्टन अमेरिकेचा 25 वा अंक घ्यावा, ‘फ्रंट लाइन’ सवडीने पाहावी. ‘फायनल क्रायसिस’च्या तिसऱ्या अंकानंतर ‘सुपरमॅन बियाँड’ वाचून मगच चौथ्याकडे वळावे. आणि ‘क्रायसिस’चे बारा अंक पुरे समजून लाल आभाळाच्या अंकांवर एक पैही खर्च करू नये.